गाठीपर्यंत पोचतं किती? कर्करोगावरच्या नॅनो-औषधांचा आढावा

फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, एक वेगळाच निर्णय घेतला. ‘डॉक्सिल’ हे कर्करोगावरचं औषध तिथे मिळेनासं झालं होतं. ओहायो राज्यातल्या बेडफर्ड गावच्या ज्या कारखान्यात ते बनायचं, तिथलं काम आदल्या नोव्हेंबरात थांबलं होतं आणि अंडाशयाचा कर्करोग झालेल्या बायका प्रतीक्षायादीत नाव लावून बसल्या होत्या. शेवटी एफडीएने त्यांच्याकडे मंजूर नसलेलं एक भारतीय औषध तात्पुरतं आयात करू दिलं. त्याचं नाव ‘लायपोडॉक्स’. कंपनी सन फार्मा, जिचं मुख्य कार्यालय तेव्हा अंधेरी-कुर्ला रस्त्यावर होतं आणि आज गोरेगावला पश्चिम द्रुतगती महामार्गालगत आहे. वर्षभराने, फेब्रुवारी २०१३ मध्ये, सनच्या औषधाला अमेरिकेत रीतसर मंजुरी मिळाली. डॉक्सिलचं तिथलं ते पहिलं जेनेरिक.

नॅनो-औषधांबद्दलचे जवळजवळ सगळे प्रश्न या एका घटनेत सापडतात. ही औषधं बनवणं किती नाजूक काम आहे, एका कारखान्यावर किती जणींचा जीव टांगलेला असतो, दुसऱ्याने बनवलेलं औषध मूळ औषधाइतकंच चांगलं आहे हे ठरवायचं कसं. आणि सगळ्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न: या औषधांनी रुग्णाचं नेमकं काय भलं होतं?

हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे पुरेसा विचारला जात नाही. गेली वीसेक वर्षं वर्तमानपत्रांत ठरावीक बातमी येते: अमक्या संस्थेत असे नॅनोकण तयार झाले, जे निरोगी पेशींना धक्का न लावता थेट कर्करोगाच्या पेशींवर जाऊन आदळतील. मुलुंडला किंवा बोरिवलीला ज्या घरात कोणाची तरी केमो चालू असते, त्या घरात ही बातमी जपून ठेवली जाते आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे धरली जाते. हे आम्हाला का नाही देत? डॉक्टरांकडे तेव्हा पाच मिनिटंही नसतात. म्हणून हा आढावा.

सुरुवात औषधापासूनच करू. डॉक्सिल आणि लायपोडॉक्स या दोन्हींच्या पोटातलं औषध एकच, डॉक्सोरुबिसिन. ज्यांनी स्तनाच्या कर्करोगाची केमो घेतली किंवा जवळून पाहिली, त्यांना ते लाल रंगाचं सलाईन म्हणून आठवत असेल. मातीतल्या एका जिवाणूपासून इटालियन संशोधकांनी शोधलेलं हे औषध पन्नासहून अधिक वर्षं वापरात आहे, स्वस्त आहे आणि आजही मोलाचं आहे. त्याचा मोठा दोष म्हणजे ते हृदयाच्या स्नायूला इजा करतं. ही इजा साठत जाते. आयुष्यभरात मिळून किती डोस द्यायचा याला म्हणूनच मर्यादा असते, आणि ती गाठली की गाठ त्या औषधाला दाद देत असली तरी हात आखडावा लागतो.

लायपोसोम म्हणजे स्निग्ध रेणूंच्या दुपदरी पडद्याचा सूक्ष्म गोळा, साबणाच्या फुग्यासारखा, फक्त आत हवेऐवजी पाणी असलेला. १९६० च्या दशकात केंब्रिजजवळ ॲलेक बँगहम यांनी तो ओळखला. त्यात औषध भरण्याची कल्पना लवकरच सुचली, पण औषध आत टिकेना आणि शरीरात शिरलेले लायपोसोम यकृत आणि प्लीहा काही तासांतच फस्त करत. जेरुसलेमच्या येहेझ्केल बारेनहोल्झ आणि अल्बर्टो गॅबिझोन यांच्या गटाने दोन्ही अडचणी सोडवल्या. लायपोसोमच्या आत आधी अमोनियम सल्फेट भरायचं. बाहेरून आत शिरलेलं डॉक्सोरुबिसिन त्याच्याशी जुळून स्फटिक बनतं आणि तिथेच अडकून राहतं. पृष्ठभागावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे लांब धागे लावायचे, म्हणजे शरीरातल्या भक्षक पेशींना तो गोळा लवकर ओळखू येत नाही. शंभर नॅनोमीटरच्या आतबाहेरचा हा कण (तांबडी रक्तपेशी याच्या सत्तरपट रुंद असते) मग दोन-तीन दिवस रक्तात फिरत राहतो. नोव्हेंबर १९९५ मध्ये एफडीएने डॉक्सिलला मंजुरी दिली. कर्करोगावरच्या नॅनो-औषधांचा काळ तिथून धरतात.

पण हा कण गाठ ओळखतो कशावरून? ओळखत नाही. त्याच्यावर पत्ता लिहिलेला नसतो. १९८६ मध्ये जपानमध्ये हिरोशी माएदा आणि यासुहिरो मात्सुमुरा यांनी दाखवलं की गाठीत घाईघाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या सच्छिद्र असतात आणि तिथून बाहेर पडलेले मोठे रेणू परत काढून नेणारी लसीकावाहिन्यांची व्यवस्थाही तिथे धड नसते. म्हणजे मोठा कण गाठीत झिरपेल आणि तिथे साचेल. निरोगी शिरांतून तो सहसा झिरपणार नाही. पुढची तीस वर्षं हजारो शोधनिबंध या एका कल्पनेवर उभे राहिले, आपल्याकडचेही.

२०१६ मध्ये टोरोंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांतले प्रसिद्ध झालेले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र केले आणि एक साधा हिशेब मांडला. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचतात किती? मध्यक आकडा आला ०.७ टक्के. शंभरात एकही नाही. बहुतेक कण यकृताकडे आणि प्लीहेकडे जातात. याच गटाने २०२० मध्ये असंही दाखवलं की गाठीत जे कण शिरतात, त्यांतले ९७ टक्क्यांपर्यंत भेगांतून झिरपत नाहीत, तर रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशी त्यांना स्वतः उचलून आत नेतात. या आकड्यांवर वाद झाले. साध्या औषधाचाही फार थोडा भागच गाठीत पोचतो, मग तुलना कशाशी करायची, हा आक्षेप रास्त आहे. उंदराच्या पाठीवर दोन आठवड्यांत फुगवलेली गाठ आणि माणसात काही वर्षांत वाढलेली गाठ यांच्या रक्तवाहिन्या सारख्या नसतात, हेही खरं. तरीही त्या आकड्याने या क्षेत्राला जमिनीवर आणलं, आणि ते गरजेचं होतं असं मला वाटतं.

आता रुग्णांवरच्या चाचण्यांकडे वळू, कारण खरा निवाडा तिथेच होतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ५०९ बायकांपैकी निम्म्यांना साधं डॉक्सोरुबिसिन दिलं आणि निम्म्यांना लायपोसोममधलं. कर्करोग आटोक्यात राहिला तो काळ पहिल्या गटात ७.८ महिने आणि दुसऱ्या गटात ६.९ महिने, म्हणजे जवळपास सारखाच. आयुष्यही सारखंच, एकवीस-बावीस महिने. ‘थेट गाठीवर हल्ला’ या वर्णनावरून जी अपेक्षा तयार होते, ती इथे पुरी होत नाही. फरक पडला तो हृदयात. साधं औषध घेणाऱ्यांत हृदयाला इजा होण्याचा धोका तिपटीहून जास्त होता. केस गळणं आणि उलट्याही लायपोसोमच्या गटात कमी.

पण त्याच गटातल्या ४८ टक्के बायकांचे तळहात आणि तळपाय लाल झाले, सुजले, सोलले. साध्या औषधात हे प्रमाण २ टक्के होतं. रक्तात दिवसचे दिवस फिरणारे कण त्वचेत झिरपतात, विशेषतः जिथे दाब आणि घर्षण आहे तिथे. वैद्यकीय अहवालात हा त्रास ‘सहन करण्याजोगा’ म्हणून एका ओळीत येतो. चाळीत राहणाऱ्या, चार घरची भांडी घासणाऱ्या, पोळ्या लाटून संसाराला हातभार लावणाऱ्या बाईला तळहाताची साल निघणं म्हणजे महिन्याचा पगार बुडणं आहे. लोकलच्या गर्दीत दांडा धरून उभं राहणंही तिला जमत नाही. उलट जिचं हृदय आधीच कमकुवत आहे, जी साठीच्या पुढची आहे, किंवा जिला पूर्वी याच औषधाचे डोस मिळालेले आहेत, तिच्यासाठी हाच लायपोसोम जीव वाचवणारा ठरू शकतो. औषध कोणतं चांगलं हा प्रश्न माणूस पाहिल्याशिवाय सुटत नाही, आणि नॅनो-औषधांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

दुसरं उदाहरण पॅक्लिटॅक्सेलचं. हे औषध पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या क्रेमोफोर नावाच्या द्रावकात मिसळून देतात. निम्मा त्रास औषधाचा असतो आणि निम्मा या द्रावकाचा. त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून आधी स्टेरॉइड द्यावं लागतं, सलाईन तीन तास हळूहळू सोडावं लागतं. मधुमेह असलेल्या रुग्णांची साखर त्या स्टेरॉइडने चढते, आणि आपल्या शहरात असे रुग्ण थोडे नाहीत. २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या ‘ॲब्रॅक्सेन’ने द्रावकच काढून टाकला. पॅक्लिटॅक्सेल अल्ब्युमिन या रक्तातल्याच प्रथिनाला बांधून त्याचे १३० नॅनोमीटरच्या आसपासचे कण केले. स्तनाच्या कर्करोगाच्या ४५४ रुग्णांवरच्या चाचणीत गाठ आक्रसण्याचं प्रमाण १९ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर गेलं. सलाईन अर्ध्या तासात संपतं. बाराही महिने गजबजलेल्या डे-केअरमध्ये एका खुर्चीवर दिवसात किती जणांना औषध देता येतं, हे पाहिलेल्या कोणालाही या अर्ध्या तासाचं मोल सांगावं लागणार नाही. हातापायांना येणारा बधिरपणा मात्र याने सुटत नाही.

याच औषधावर उपनगरातही काम झालं. सन फार्मातून २००७ मध्ये वेगळी झालेली स्पार्क ही संशोधन कंपनी अंधेरीच्या महाकाली गुंफा रस्त्यावरची. तिने क्रेमोफोर आणि अल्ब्युमिन दोन्ही टाळून पॅक्लिटॅक्सेलचे नॅनोकण बनवले. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात या औषधाची तुलना थेट अल्ब्युमिनवाल्या औषधाशी केली गेली, परिणाम तोडीस तोड आला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि औषध भारतात मंजूरही झालं. त्याआधी डाबरने पॉलिमरच्या कणांतलं पॅक्लिटॅक्सेल बाजारात आणलं होतं. या कामांना बातम्यांत फारशी जागा मिळाली नाही. चमत्काराचा दावा नसलेली, पण रुग्णाची एक ठोस अडचण दूर करणारी ही औषधं मला या क्षेत्रातली सर्वांत प्रामाणिक कमाई वाटते.

आयुष्य वाढल्याचीही उदाहरणं आहेत. २०१७ मध्ये मंजूर झालेल्या ‘व्हिक्सिओस’मध्ये रक्ताच्या कर्करोगावरची दोन जुनी औषधं एकाच लायपोसोममध्ये ठरावीक प्रमाणात भरली आहेत. वयस्क रुग्णांत त्याने मध्यक आयुष्य सुमारे सहा महिन्यांवरून साडेनऊ महिन्यांवर नेलं. स्वादुपिंडाच्या कर्करोगात लायपोसोममधल्या इरिनोटेकॅनने, दुसऱ्या औषधाच्या जोडीला, ४.२ महिन्यांचे ६.१ केले. फरक लहान आहेत. पण ज्या घरात ते दोन महिने वाट्याला येतात, तिथे ते लहान नसतात.

ज्या कणांवर खरोखर पत्ता लिहिलेला होता, म्हणजे गाठीवरच्या विशिष्ट प्रथिनाला चिकटणारे रेणू लावलेले कण, त्यांची कहाणी निराशेची आहे. बॉस्टनजवळची बाइंड थेराप्युटिक्स ही त्यांतली सर्वांत नावाजलेली कंपनी. तिचं औषध चाचण्यांत अपेक्षेला उतरलं नाही आणि २०१६ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. नेम धरण्याचं काम तोवर वेगळ्याच मार्गाने पुढे गेलं होतं. प्रतिपिंडालाच औषधाचा रेणू जोडायचा. ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टेकॅनसारखी ही औषधं आज स्तनाच्या कर्करोगाचे उपचार बदलत आहेत, पण त्यांत नॅनोकण नाहीत.

आता पवईकडे येऊ. आयआयटी मुंबईत या विषयावर दोन दशकांहून अधिक काळ काम चालू आहे आणि ते खरोखर कल्पक आहे. रोहित श्रीवास्तव यांच्या गटाने लायपोसोमवर सोन्याचे सूक्ष्म कण चढवले. त्यांवर अवरक्ताजवळचा लेझर सोडला की ते तापतात आणि गाठीच्या पेशी मरतात. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातल्या अभिजित डे यांच्यासोबत केलेलं, उंदरांवरचं हे काम २०१५ मध्ये ‘नॅनो लेटर्स’ या नियतकालिकात आलं. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे काम झाल्यावर तो कण मोडतो आणि सोन्याचे काही नॅनोमीटरचे तुकडे शरीराबाहेर पडू शकतात. मारायचं कसं याचा विचार सगळेच करतात, मागे काय उरेल याचा कमी जण करतात. रिंटी बॅनर्जी यांच्या प्रयोगशाळेत लायपोसोमला वायूचे सूक्ष्म बुडबुडे जोडले गेले. सोनोग्राफीत ते दिसतात, आणि गाठीजवळ ध्वनिलहरी सोडल्या की फुटून औषध तिथेच मोकळं करतात. धीरेंद्र बहादूर यांच्या गटाने आणि तिकडे ट्रॉम्बेला बीएआरसीच्या रसायनशास्त्रज्ञांनी लोहाच्या ऑक्साइडचे चुंबकी कण घेतले, जे बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तापतात. या सगळ्यांत एक समान सूत्र आहे: कण गाठीपर्यंत आपोआप पोचेल यावर विसंबून न राहता, बाहेरून प्रकाश, ध्वनी किंवा चुंबक वापरून औषध किंवा उष्णता नेमक्या जागी सोडायची. ०.७ टक्क्यांच्या आकड्याला दिलेलं हे चांगलं उत्तर आहे.

मग उंदरापासून माणसापर्यंतचा प्रवास अडतो कुठे? पैशाचं कारण सगळे देतात. पण २००७ मध्ये केंद्र सरकारने नॅनो मिशनसाठी पाच वर्षांना हजार कोटी रुपये मंजूर केले होते. त्यातून उपकरणं आली, विद्यार्थी घडले, शोधनिबंधांच्या संख्येत भारत जगात वरच्या क्रमांकांवर गेला. खरी अडचण पुढच्या पायरीवर आहे. चंचुपात्रात पन्नास मिलिलिटर बनवलेला कण पन्नास लिटरमध्ये बनवला की त्याचा आकार बदलतो. उष्णतेने निर्जंतुक करावा तर लायपोसोम फुटतो. वर्षभर शीतकपाटात ठेवल्यावर किती औषध गळलं हे तपासायला खरंच वर्ष जावं लागतं. या कामातून पीएचडी होत नाही आणि चांगल्या नियतकालिकात निबंधही येत नाही. ते कारखान्यातल्या माणसांचं काम आहे, आणि ती माणसं पवईपासून अर्ध्या तासावर, अंधेरी-गोरेगावात बसलेली आहेत.

औषध-संशोधन उपनगरांना नवं नाही. १९६३ मध्ये गोरेगावला सिबा या औषध कंपनीचं संशोधन केंद्र उभं राहिलं. मुलुंडच्या हेक्स्टच्या केंद्रात १९७० च्या दशकात कोलियस वनस्पतीच्या मुळांतून फोर्स्कोलिन वेगळं केलं गेलं, जे आज जगभरच्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत वापरतात. आणि लायपोसोमच्या बाबतीत तर परळच्या केईएम रुग्णालयाचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्याजोगं आहे. डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दिल्ली विद्यापीठातल्या बी. के. बछावत यांच्या साहाय्याने, ॲम्फोटेरिसिन-बी हे बुरशीवरचं औषध लायपोसोममध्ये घातलं. मूळ औषध मूत्रपिंडाला इजा करतं, लायपोसोममध्ये ती कमी होते. महापालिकेच्या रुग्णालयात आखलेलं हे काम प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत आणि पुढे बाजारापर्यंत गेलं. २०२१ च्या मे महिन्यात काळ्या बुरशीच्या साथीत ‘लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन’ हे शब्द घराघरांत पोचले आणि कुपीसाठी नातेवाईक रात्री-अपरात्री दुकानं धुंडाळत फिरले. नॅनो-औषध वेळेवर न मिळणं म्हणजे काय, हे मुंबईने तेव्हा सोसलं आहे.

पवई आणि टाटा रुग्णालय यांच्यातला रस्ता चालू शकतो हेही सिद्ध झालं आहे. रक्ताच्या कर्करोगावरची ‘नेक्सकार-१९’ ही कार-टी पेशी उपचारपद्धती आयआयटीत जन्मली, टाटा केंद्रात रुग्णांवर तपासली गेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली आणि परदेशातल्या किमतीच्या लहानशा भागात ती उपलब्ध झाली. तिथे संशोधक आणि रुग्णतज्ज्ञ पहिल्या टप्प्यापासून एकत्र होते. नॅनोकणांच्या बहुतेक प्रकल्पांत डॉक्टर शेवटी येतो, कण तयार झाल्यावर, त्याला रुग्ण शोधायला.

नियमांची बाजू थोडक्यात. ऑक्टोबर २०१९ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. ती हवीच होती, कारण साध्या गोळीच्या जेनेरिकचा न्याय इथे चालत नाही. रेणू तोच असला तरी पडद्याची घडण, कणांचा आकार, आत भरलेल्या औषधाचं प्रमाण यांत फरक असला तर औषध शरीरात वेगळं वागतं. अमेरिकेत लायपोडॉक्स वापरलं गेल्यावर तिथल्या काही रुग्णालयांच्या नोंदींवरून त्याचा परिणाम डॉक्सिलपेक्षा कमी असल्याची शंका घेतली गेली. ते अभ्यास लहान होते, जुन्या नोंदींवरचे होते, त्यांवरून निकाल देता येणार नाही. पण शंकेचं निरसन करणारा पुरावा निर्माण करणं हे आपल्या कंपन्यांचं काम आहे, आणि भारतातल्या रुग्णांना तो मागण्याचा हक्क अमेरिकेतल्या रुग्णांइतकाच आहे.

किमतीचा विषय टाटा रुग्णालयातल्याच एका चाचणीने कायमचा माझ्या मनात रोवला आहे. डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या, म्हणजे आपल्याकडच्या तंबाखूच्या रोगाच्या, ४२२ रुग्णांवरची ही चाचणी २०२० मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आली. एका गटाला शिरेतून सिस्प्लॅटिन, दुसऱ्याला मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या दोन जुन्या, स्वस्त गोळ्या. गोळ्यांच्या गटाचं मध्यक आयुष्य ७.५ महिने, सिस्प्लॅटिनच्या गटाचं ६.१, आणि त्रासही कमी. कुठलाही नॅनोकण नाही. स्वादुपिंडावरच्या लायपोसोमने जेवढं साधलं, त्याच्या जवळपासचं हे यश आहे. नव्या कणाची तुलना सहसा त्याच प्रकारच्या जुन्या औषधाशी होते. ती अशा गोळ्यांशीही व्हायला हवी.

पुढचं पाऊल कदाचित औषध वाहून नेण्याचं नसेलच. करोनाच्या लसींनी स्निग्ध नॅनोकणांत एमआरएनए भरून तो कोट्यवधी लोकांना टोचता येतो हे दाखवलं, आणि पुण्याच्या जिनोव्हाने २०२२ मध्ये भारताची पहिली एमआरएनए लस मंजूर करून घेतली, तीही साध्या शीतकपाटात टिकणारी. परदेशात असे कण रुग्णाच्या गाठीनुसार बनवलेल्या लसींसाठी तपासले जात आहेत. या कणांचा ओढा यकृताकडे आणि प्रतिकारपेशींकडे असतो, आणि लसीला पेशी हव्या असतात त्या तिथल्याच. केमोच्या कणाचा जो दोष, तो लसीच्या कामी येतो.

आजच्या रुग्णाला मात्र आजच निर्णय घ्यायचा असतो. डॉक्टरांनी लायपोसोममधलं किंवा अल्ब्युमिनवालं औषध सुचवलं, तर ते कशासाठी हे विचारावं: हृदयासाठी, मधुमेहामुळे स्टेरॉइड टाळायला, ॲलर्जी आली म्हणून, की आयुष्य वाढण्याचा या रोगात खरोखर पुरावा आहे म्हणून. सुचवलं नाही तर आपलं काही हुकलं असं समजून दागिने विकायला निघू नये. साध्या डॉक्सोरुबिसिनने आणि साध्या पॅक्लिटॅक्सेलने बऱ्या झालेल्या बायका या शहरात हजारोंनी आहेत. त्यांच्या हृदयाचं दहा वर्षांनी काय होतं, हे मात्र आपल्याकडे नीट मोजलं जात नाही. मुंबईत १९६३ पासून कर्करोगाची नोंदणी आहे, देशातली सर्वांत जुनी. तिच्यात उपचारानंतरच्या टूडी-इकोची नोंद जोडली, कोणाला साधं औषध मिळालं आणि कोणाला लायपोसोममधलं हे लिहून ठेवलं, तर जादा किंमत कोणत्या रुग्णासाठी मोजायची याचं उत्तर परदेशी चाचण्यांवरून अंदाजाने काढावं लागणार नाही.